मूलक: ११३ वर्षांचा शोध

बारावीच्या प्रयोगशाळेत क्षाराची पुडी हातात आली की विद्यार्थी आधी ‘ॲसिडिक रॅडिकल’ आणि ‘बेसिक रॅडिकल’ शोधू लागतो. मराठी पुस्तकांत यांनाच आम्लधर्मी आणि आम्लारिधर्मी मूलके म्हणतात. त्याच वर्षी सेंद्रिय रसायनाच्या तासाला सूर्यप्रकाशात मिथेन आणि क्लोरिन यांची अभिक्रिया शिकताना त्याची ‘मुक्त मूलका’शी गाठ पडते, आणि वर्तमानपत्राच्या आरोग्यविषयक सदरात ‘फ्री रॅडिकल्स’ शरीरातल्या पेशींची नासधूस करतात असे तो वाचतो. पहिल्या अर्थाचे सल्फेट मूलक बाटलीत वर्षानुवर्षे शांत पडून राहते. दुसऱ्या अर्थाचे मिथिल मूलक सेकंदाचा शंभरावा भागही धड टिकत नाही. एकाच नावाखाली इतक्या परस्परविरोधी गोष्टी कशा नांदतात, याचे उत्तर बहुधा असे दिले जाते की जुना अर्थ चुकीचा होता, नवा बरोबर आहे आणि मधला इतिहास विसरून जावा. मला हे उत्तर अपुरे वाटते. मूलकाच्या प्रत्येक जुन्या व्याख्येत काहीतरी चूक होती हे खरे आहे. तरीही ही संज्ञा टिकली आणि तिने सेंद्रिय रसायनाकडून मोठमोठी कामे करून घेतली, याचे कारण तिच्या पोटात पहिल्यापासून एक रोखठोक मागणी होती: पदार्थाचा हा भाग खरोखर असेल, तर तो सुटा करून दाखवा. ही मागणी पुरी व्हायला १७८७ ते १९०० अशी ११३ वर्षे लागली. या काळात जे हाती आले, त्यातले बरेचसे मागितलेले नव्हतेच.

संज्ञेचा जन्म पॅरिसचा. रसायनशास्त्राची भाषा नव्याने बांधण्यासाठी गीताँ द मॉर्व्हो, लव्हाझिए, बर्थोले आणि फुर्क्र्वा हे चौघे एकत्र आले आणि १७८७ मध्ये त्यांनी नव्या नामकरणाचे पुस्तक काढले. ‘रॅडिकल’ हा शब्द वापरात आणला तो गीताँने. लॅटिनमधल्या ‘मूळ’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला, आणि मराठी ‘मूलक’ त्याच अर्थाने घडला. लव्हाझिएच्या मते प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. मग एका आम्लाला दुसऱ्यापासून वेगळे करणारा जो उरलेला भाग, तो त्या आम्लाचे मूलक. गंधकाच्या आम्लाचे मूलक गंधक, फॉस्फरसच्या आम्लाचे फॉस्फरस. खनिज आम्लांची मूलके साधी, म्हणजे एकेका मूलद्रव्याची, आणि वनस्पतींपासून मिळणाऱ्या आम्लांची मूलके संयुक्त, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन मिळून झालेली, असेही त्याने सांगून ठेवले. १७८९ च्या त्याच्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची प्रसिद्ध यादी आहे. तिच्यात म्युरिॲटिक, फ्लुओरिक आणि बोरॅसिक या आम्लांची मूलकेही दिली आहेत, आणि ही तिन्ही तोवर कोणी पाहिलेली नव्हती. यादीतल्या या तीन ओळींना मी फार महत्त्व देतो. न पाहिलेल्या वस्तूला मूलद्रव्यांच्या पंक्तीत बसवणे ही वरवर पाहता बेफिकिरी वाटते, पण प्रत्यक्षात ती पुढच्यांसाठी लिहून ठेवलेली कामे होती, आणि ती कामे झालीही. बोरॅसिक मूलक १८०८ मध्ये हाती आले. ते म्हणजे बोरॉन. फ्लुओरिक मूलकाला, म्हणजे फ्लुओरिनला, म्वासाँने १८८६ मध्ये सुटे केले. म्युरिॲटिक मूलकाच्या शोधाने तर सिद्धान्ताचा पायाच हलवला. आज आपण ज्याला क्लोरिन म्हणतो, त्या वायूतून ऑक्सिजन काढून मूलक मोकळे करण्याची हम्फ्री डेव्हीने शिकस्त केली. तापलेल्या कोळशालाही त्यातून ऑक्सिजन ओढून घेता आला नाही. १८१० मध्ये त्याने जाहीर केले की त्यात ऑक्सिजन नाहीच आणि हा वायू स्वतःच मूलद्रव्य आहे. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो हे लव्हाझिएचे सूत्र त्याच्याच यादीतल्या एका ओळीने मोडले. ते पाहायला तो नव्हता. १७९४ च्या मे महिन्यात गिलोटिनखाली त्याचा अंत झाला होता.

ऑक्सिजनचा आधार गेल्यावर ‘आम्लाचा उरलेला भाग’ ही व्याख्याही निकालात निघायला हवी होती. ती वाचली गे-लुसॅकमुळे. मर्क्युरिक सायनाइड तापवून त्याने १८१५ मध्ये एक वायू मिळवला. कार्बन आणि नायट्रोजन यांचा हा जोड एका संयुगातून दुसऱ्यात जसाच्या तसा जात होता आणि क्लोरिनसारख्या मूलद्रव्याच्या थाटात वागत होता. संयुक्त मूलक सुटे मिळाले, अशी खात्री झाली. खरे तर बाटलीतला सायनोजेन हा अशा दोन तुकड्यांची जोडी होती, पण ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. जोडी हाती लागावी आणि एकटा तुकडा सापडला असे वाटावे, हाच प्रसंग पुढे पुनःपुन्हा घडणार होता. १८३२ च्या उन्हाळ्यात फ्रीडरिक वोलरची पत्नी वारली. मित्राला दुःखातून थोडे बाहेर काढावे म्हणून यूस्टुस लीबिगने त्याला गीसनला बोलावून घेतले आणि दोघांनी कडू बदामाच्या तेलावर काम आरंभले. तेल हवेत राहिले की त्याचे बेंझॉइक आम्ल होते. क्लोरिनने एक पदार्थ होतो, ब्रोमिनने दुसरा. त्यांच्यापासून पुढे आयोडाइड, सायनाइड, अमाइड बनते. या सगळ्या फेऱ्यांतून कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा एक गट अभंग बाहेर पडतो, हे त्यांनी एकेक पदार्थ तोलून, जाळून, मोजून दाखवले. या गटाला त्यांनी बेंझॉइल असे नाव दिले. त्या काळचे सेंद्रिय रसायन म्हणजे वनस्पती आणि प्राण्यांपासून निघालेल्या शेकडो पदार्थांचा पसारा होता, आणि पसाऱ्यात पहिल्यांदाच कुळे दिसू लागली. स्टॉकहोमचा वृद्धत्वाकडे झुकलेला बर्झेलियस इतका हरखला की या मूलकाला पहाट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव द्यावे असे त्याने सुचवले. पुढे मात्र त्याने माघार घेतली. संयुगात एक भाग धन विद्युतभाराचा आणि दुसरा ऋण, असा त्याचा सिद्धान्त होता, आणि ऑक्सिजनसारखे कट्टर ऋण मूलद्रव्य मूलकाच्या आत बसलेले त्या सिद्धान्ताला सोसवत नव्हते.

ऑक्टोबर १८३७ मध्ये लीबिग आणि पॅरिसचा झाँ-बातिस्त द्यूमा या एरवी हाडवैरी असलेल्या दोघांनी मिळून एक निवेदन काढले. खनिज रसायनात मूलके साधी असतात, सेंद्रिय रसायनात ती संयुक्त असतात आणि दोहोंत याहून वेगळे काही नाही, बाकीचे नियम एकच, असा त्याचा आशय होता. सजीवांच्या पदार्थांना वेगळी जीवशक्ती लागते असे मानणारे अजून पुष्कळ असताना, त्यांच्या रसायनाला खनिजांच्याच नियमांखाली आणणारे हे धाडसी विधान ‘मूलक’ या एका संज्ञेच्या बळावर केले गेले. पाठोपाठ १८३८ मध्ये लीबिगने मूलकाची कसोटी सांगितली. ते एका मालिकेतल्या संयुगांत न बदलता राहणारे घटक असावे. त्याच्या जागी एखादे साधे मूलद्रव्य घालता यावे. आणि त्याला जोडलेले मूलद्रव्य काढून तिथे समतुल्य प्रमाणात दुसरे बसवता यावे. तिन्हींपैकी किमान दोन अटी पुऱ्या व्हाव्यात. मला ही व्याख्या त्या शतकातल्या उत्तम व्याख्यांपैकी एक वाटते, कारण तिच्यातली प्रत्येक अट प्रयोगाने तपासता येते. आणि तपासताक्षणी तिला तडा गेला. ओग्यूस्त लोराँ या पॅरिसच्याच तरुण रसायनज्ञाने १८३६ पासून मांडायला सुरुवात केली होती की हायड्रोजन काढून त्याच्या जागी क्लोरिन घातला तरी रेणूचा मूळ गाभा टिकतो. म्हणजे ज्याला अभंग म्हणायचे, त्या मूलकाच्या आतही बदल करता येतो. लीबिगने लोराँवर कडाडून टीका केली, द्यूमानेही आधी हात झटकले. पण नंतर द्यूमाने स्वतःच ॲसेटिक आम्लातल्या हायड्रोजनच्या जागी क्लोरिन घालून पाहिला, तेव्हा तयार झालेले ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल गुणधर्मांनी मूळ आम्लाचे सख्खे भावंडच निघाले. धन हायड्रोजनची जागा ऋण क्लोरिन घेतो आणि काही बिघडत नाही, हे बर्झेलियसच्या पक्षाला पटेना. १८४० मध्ये लीबिगच्या नियतकालिकात वोलरचे एक टोपणनावी विडंबन छापले गेले. त्यात एका क्षारातला एकेक अणू बदलत शेवटी निव्वळ क्लोरिनचा पदार्थ बनवल्याचे वर्णन होते. थट्टा गाजली, पण पुरावा लोराँच्या बाजूचा होता. लोराँ मात्र धड नोकरी आणि धड प्रयोगशाळा न मिळताच १८५३ मध्ये क्षयाने गेला. या प्रकरणात त्याच्यावर अन्याय झाला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेता येतो. इतक्या सैल संज्ञेमुळे रसायनशास्त्राची दहा-वीस वर्षे भांडणात गेली. अल्कोहोलमध्ये एथिलचे मूलक आहे की एथेरिनचे, यावर लीबिग आणि द्यूमा यांचे पक्ष एकमेकांवर तुटून पडत, आणि एकाच पदार्थाची कितीतरी सूत्रे एकाच वेळी चलनात होती. संज्ञा नसती, किंवा अधिक सावध असती, तर हा काळ वाचला असता की. या आक्षेपाला इतिहासातच एक परीक्षा उपलब्ध आहे, कारण सावध संज्ञाही त्याच काळात सुचवली गेली होती. शार्ल जेरार या लोराँच्या मित्राने १८३९ पासून ‘अवशेष’ हा शब्द चालवला. दोन रेणू एकत्र येतात, पाण्यासारखा एखादा लहान रेणू सुटतो आणि उरलेले अवशेष जुळतात. हे अवशेष सुटे असतात असा दावा नाही, ते काढून दाखवायची जबाबदारी नाही. ती फक्त अभिक्रिया लिहून ठेवायची सोय आहे. पुढे १८५३ मध्ये त्याने पाणी, अमोनिया, हायड्रोजन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल हे चार नमुने ठरवून सगळी सेंद्रिय संयुगे त्यांत बसवली, आणि रेणूची खरी रचना जाणण्याचा हट्ट सोडायला सांगितले. ही पद्धत नीटनेटकी होती आणि केकुले या रसायनज्ञाला चतुःसंयुजी कार्बनपर्यंत पोचायला तिने मदत केली, हे मान्यच केले पाहिजे. पण रचनासूत्रे आल्यावर नमुन्यांना काही काम उरले नाही. आज जेरारचे नमुने इतिहासकारांखेरीज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्यात चुकण्याची जोखीम नव्हती, त्यामुळे चुकीतून मिळणारेही काही नव्हते. उलट मूलकवाल्यांनी काय केले ते पाहिले म्हणजे भांडणाच्या वर्षांचा हिशेब निराळा दिसतो.

रॉबर्ट बुन्सेनने १८३७ पासून सहा वर्षे आर्सेनिकच्या एका भयंकर पदार्थावर काम केले. त्या पदार्थाच्या दुर्गंधीवरून बर्झेलियसने मूलकाचे नाव कॅकोडिल ठेवले. हवा लागताच पेटणारी, नाकात शिरली तर चक्कर आणणारी ही संयुगे. एका स्फोटात बुन्सेनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि आर्सेनिकच्या विषबाधेने तो मरता मरता वाचला. शेवटी क्लोराइडवर जस्ताची क्रिया करून त्याने कॅकोडिल ‘सुटे’ केले. जो पदार्थ धातूसारखा ऑक्साइड, क्लोराइड, सायनाइड देतो, तो स्वतंत्रपणे बाटलीत आला, म्हणून मूलकवाद्यांचा आनंद गगनात मावेना. मारबुर्गला बुन्सेनच्याच प्रयोगशाळेत हेर्मान कोल्बे आणि एडवर्ड फ्रँकलंड हे दोघे ही रीत पुढे नेऊ लागले. कोल्बेने १८४९ मध्ये ॲसेटिक आम्लाच्या क्षाराचे विद्युत अपघटन करून एक वायू मिळवला आणि त्याला मिथिल म्हटले. फ्रँकलंडने एथिल आयोडाइड आणि जस्त काचेच्या बंद नळीत तापवले आणि निघालेल्या वायूला एथिल म्हटले. मिथिल आयोडाइडवर तोच प्रयोग केल्यावर नळीत उरलेल्या घन पदार्थावर त्याने पाण्याचे काही थेंब टाकले, तेव्हा कित्येक फूट लांब हिरवट निळी ज्वाला उसळली आणि खोलीभर उग्र दर्प पसरला. जस्तातल्या आर्सेनिकमुळे कॅकोडिल तयार झाले असावे आणि हा तरुण इंग्रज आता वाचत नाही, अशी शंका बुन्सेनला आली. ज्याने ते विष भोगले होते त्याला दुसरे काय सुचणार. तो पदार्थ आर्सेनिकचा नव्हता. धातूचा अणू थेट कार्बनला जोडलेले ते जस्ताचे सेंद्रिय संयुग होते.

कॅकोडिल, मिथिल, एथिल यांतले एकही सुटे मूलक नव्हते, हे लवकरच उघड झाले. लोराँ आणि जेरार यांनी वायूंच्या घनतेवरून सांगितले की ही सूत्रे दुप्पट करायला हवीत. शार्ल वुर्त्सने १८५५ मध्ये दोन वेगवेगळी मूलके एकाच रेणूत जोडून दाखवली, आणि त्यांचे उत्कलनबिंदू तथाकथित सुट्या मूलकांच्या मालिकेत नेमके मधे बसले. १८६४ मध्ये मँचेस्टरला कार्ल शोर्लेमरने उरलासुरला संशय संपवला: कोल्बेचे ‘मिथिल’ आणि एथिलचे हायड्राइड हा एकच वायू आहे, आजचा इथेन. फ्रँकलंडचे ‘एथिल’ म्हणजे ब्युटेन निघाले, आणि बुन्सेनच्या बाटलीतही आर्सेनिकच्या अणूंनी जुळलेली जोडीच होती. तरी या चुकलेल्या प्रयोगांनी काय दिले ते मोजायला हवे. फ्रँकलंडने जस्त, कथिल, अँटिमनी यांची सेंद्रिय संयुगे तपासली, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक संख्येनेच इतर अणूंना धरते हे त्याच्या लक्षात आले, आणि १८५२ मध्ये त्याने ते मांडले. संयुजेच्या कल्पनेची ही सुरुवात. कोल्बेचे विद्युत अपघटन आजही त्याच्या नावाने शिकवले जाते. जस्तसंयुगांच्या वाटेने पुढे जाऊन १९०० मध्ये व्हिक्टर ग्रिन्यारने मॅग्नेशियमची संयुगे केली आणि त्यांवर १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. मूलक सुटे काढण्याच्या हट्टाखेरीज एथिल आयोडाइड आणि जस्त बंद नळीत तापवण्याचे त्या काळी फ्रँकलंडला दुसरे काही कारण नव्हते.

यावर कोणी म्हणेल की हे पश्चातबुद्धीचे कौतुक आहे. चुकीच्या कल्पनेतून काहीतरी हाती लागतेच, मग जळताना पदार्थातून निघून जाते असे मानलेल्या फ्लॉजिस्टनचेही असेच गोडवे गावेत. फरक असा की फ्लॉजिस्टनवाल्यांनी अडचण येताच कल्पनेलाच पळवाट काढून दिली. धातू जळल्यावर वजन वाढते असे दिसले, तर काहींनी फ्लॉजिस्टनला उणे वजन बहाल केले. कोणताही निकाल आला तरी कल्पना वाचेल अशी ती सोय होती. मूलकाच्या बाबतीत असे झाले नाही. शोर्लेमरच्या निकालानंतर रसायनज्ञांनी हार कबूल केली. केकुलेने १८५८ नंतर मूलक म्हणजे एखाद्या विशिष्ट अभिक्रियेत धक्का न लागणारा भाग, इतकाच मर्यादित अर्थ शिल्लक ठेवला. एका अभिक्रियेत अभंग राहिलेला गट दुसरीत फुटू शकतो, तेव्हा मूलके सापेक्ष असतात आणि सुटी कधीच सापडणार नाहीत, असे पाठ्यपुस्तकांत लिहिले जाऊ लागले. कार्बनची संयुजा नेहमी चार, मग तीन बंधांचा कार्बन संभवणार कसा? नामकरणात मात्र शब्द चालूच राहिला. मिथिल, एथिल, बेंझॉइल ही मूलकांची नावे, क्षारांच्या परीक्षणातली आम्ल आणि आम्लारी मूलके, हे सारे याच काळात रुजले, आणि वसाहतीच्या अभ्यासक्रमांतून भारतातल्या वर्गांपर्यंत तीच भाषा आली.

पराभव मान्य झालेला असताना जुना सवाल पुन्हा उभा केला तो मोझेस गोम्बर्गने. जन्म १८६६, रशियन साम्राज्यातल्या युक्रेनमधल्या एलिझावेतग्रादचा. कुटुंबाला परागंदा व्हावे लागले आणि १८८४ मध्ये ते शिकागोला पोचले. गोम्बर्ग कष्टाने शिकला आणि ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात अध्यापक झाला. १८९७ मध्ये हायडेलबर्गला त्याने कार्बनच्या एका अणूला चार फिनिल गट जोडून टेट्राफिनिलमिथेन बनवले. हे होणार नाही, म्हणून नाद सोड, असे त्याचा यजमान व्हिक्टर मेयर सांगत होता. अमेरिकेत परतल्यावर त्याला दोन कार्बनवर सहा फिनिल असलेला हेक्झाफिनिलइथेन हवा होता, म्हणून त्याने ट्रायफिनिलमिथिल क्लोराइडवर चांदीची क्रिया केली. पांढरा पदार्थ मिळाला, पण पृथक्करण जमेना. कार्बन सुमारे ९४ टक्के असायला हवा होता, तो ८८ च्या आसपास येत होता. पुनःपुन्हा केले तरी तेच. चूक विश्लेषणात असती तर आकडे इकडेतिकडे हलले असते. ते एकाच जागी ठाम होते. गोम्बर्गने ओळखले की पदार्थ हवेतला ऑक्सिजन खातो आहे. मग त्याने सगळी क्रिया कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात केली, आणि पिवळे द्रावण मिळाले. हवा लागताच त्याचे पांढरे पेरॉक्साइड होई, आयोडीन ते झटकन शोषून घेई. हेक्झाफिनिलइथेनसारख्या तृप्त हायड्रोकार्बनला हे वागणे शोभणारे नव्हते. १९०० मध्ये त्याने निबंध छापला: हे त्रिसंयुजी कार्बनचे उदाहरण आहे, ट्रायफिनिलमिथिल हे सुटे मूलक आहे. आणि या विषयावर पुढचे काम आपण करणार आहोत, क्षेत्र आपल्यासाठी राखून ठेवावे, अशी विनंती निबंधाच्या शेवटी केली. रसायनविश्वाने ती अर्थातच मानली नाही. युरोपातल्या अनेक प्रयोगशाळा या कामावर तुटून पडल्या.

गोम्बर्गचा निकालही सरळ नव्हता, हे इथे सांगायलाच हवे. द्रावणातले बहुतेक रेणू जोडीने होते आणि फक्त थोडे सुटे होते. रेणुवस्तुमानाची मापने जोडीकडे झुकत. ती जोडी म्हणजे हेक्झाफिनिलइथेनच, असे पुढची अनेक दशके पुस्तके सांगत राहिली. पाउल याकोब्सनने १९०५ मध्ये वेगळी रचना सुचवली होती: एका तुकड्याचा मधला कार्बन दुसऱ्याच्या फिनिल वलयाच्या टोकाला जोडलेला. १९६८ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या साधनाने पाहिले तेव्हा याकोब्सनच बरोबर ठरला. म्हणजे ज्या पदार्थाच्या शोधात गोम्बर्ग निघाला होता, तो त्या बाटलीत कधी नव्हताच. आणि तीन अवजड वलये दोन कार्बनना जवळ येऊ देत नाहीत आणि एकट्या इलेक्ट्रॉनला आपल्यावर पसरू देतात, म्हणूनच सुटे मूलक टिकले. ‘एकटा इलेक्ट्रॉन’ ही भाषाही १९०० मध्ये उपलब्ध नव्हती. गिल्बर्ट लुईसने बंध म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी हे १९१६ मध्ये सांगितले, तेव्हा कुठे मूलकाची नवी व्याख्या शक्य झाली: ज्यात अयुग्मित इलेक्ट्रॉन आहे ते मूलक. बर्लिनमध्ये फ्रिट्झ पानेथ आणि विल्हेल्म होफेडिट्झ यांनी १९२९ मध्ये खुद्द मिथिल पकडले. टेट्रामिथिल लेडची विरळ वाफ नळीतून वाहवत त्यांनी एका जागी नळी तापवली. तिथे शिशाचा आरसा बसला. मग थोडे मागच्या अंगाला तापवले, तेव्हा नवा आरसा तिथे बसला आणि पुढचा जुना हळूहळू नाहीसा झाला. वाफेतून निघालेले काहीतरी पुढे जाऊन शिसे खात होते, आणि आरशांतले अंतर वाढवले की ते वाटेतच संपून जाई. कोल्बेने ऐंशी वर्षांपूर्वी ज्याची घोषणा केली होती ते हेच, क्षणभर जगणारे.

सगळ्यांत गंभीर आक्षेप मी मुद्दाम शेवटी घेतो. लव्हाझिएचे मूलक, लीबिगचे मूलक आणि गोम्बर्गचे मूलक या तीन वेगळ्या वस्तू आहेत. नाव एक राहिले हा योगायोग, त्यातून सलग इतिहास विणणे म्हणजे लेखकाची हौस, असे म्हणता येईल. व्याख्यांपुरते पाहिले तर हे बरोबर आहे. आजच्या व्याख्येने क्लोरिनचा एकटा अणू मूलक ठरतो, नायट्रिक ऑक्साइडचा अख्खा रेणू मूलक ठरतो, आणि ज्याच्याशी जोडले जाते ते मूलक असे लव्हाझिए म्हणाला होता, तो हवेतला ऑक्सिजनच दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन बाळगणारा दुहेरी मूलक ठरतो. पण संज्ञेचा इतिहास व्याख्यांच्या यादीत मावत नाही. माणसे तिच्या आधारे कोणता प्रयोग करायला उठली, हेही त्यात धरावे लागते. गोम्बर्गने ‘सुटे मूलक’ हे शब्द नव्याने घडवले नव्हते. फ्रँकलंड आणि कोल्बे यांनी जे मिळाले म्हणून सांगितले आणि शोर्लेमरने जे नाकारले, तेच आता मिळाले आहे, असा त्याचा दावा होता, आणि वाचणाऱ्यांना तो तसाच कळला. जुना वाद ठाऊक नसता, तर ८८ टक्क्यांचा तो आकडा एखादी बिघडलेली भट्टी म्हणून वहीत पडून राहिला असता. सातत्य आहे ते या मागणीचे, आणि ते कागदोपत्री दाखवता येते.

मागणी पुरी झाल्यावर संज्ञेने वेगाने नवी कामे हाती घेतली. शिकागोला मॉरिस खराश आणि फ्रँक मेयो यांनी १९३३ मध्ये दाखवले की हायड्रोजन ब्रोमाइड कधी मार्कोव्हनिकोव्हच्या नियमाने तर कधी उलट जोडला जातो, याचे कारण बाटलीत साठलेले पेरॉक्साइड आहे. चार वर्षांनी या उलट्या जोडणीचा खुलासा मूलकांच्या साखळीने करता आला. त्याच १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली एथिलीनपासून पॉलिथिन तयार झाले, आणि त्यासाठी ऑक्सिजनचा अंश लागतो हे पुढे कळले. तोच मूलकांची साखळी सुरू करून देतो. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सजीव पेशींत सुपरऑक्साइड या मूलकाचा नाश करणारे विकर ओळखले, आणि मूलके वैद्यकात शिरली. जाहिरातींतले ‘फ्री रॅडिकल्स’ तिथून आले. त्यांचे सरसकट शत्रू म्हणून केलेले चित्रण मला मान्य नाही. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइडही मूलकच आहे.

आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने, म्हणजे आययूपॅकने, आता मूलक हा शब्द अयुग्मित इलेक्ट्रॉनसाठी राखला आहे, ‘मुक्त’ हे विशेषण बहुतांशी अनावश्यक ठरवले आहे आणि मिथिल, एथिल यांसारख्या जोडलेल्या भागांना ‘गट’ म्हणायला सांगितले आहे. हा निर्णय योग्य आहे, कारण सुटे मूलक मिळाले की नाही हा वाद आता संपला आहे आणि संदिग्धतेपासून मिळण्यासारखे काही उरलेले नाही. मराठी पाठ्यपुस्तकांनीही तो पाळावा. आपल्याकडे आयन, गट आणि क्रियात्मक गट हे तिन्ही शब्द तयार आहेत आणि वर्गात रुळलेले आहेत. सल्फेटला आणि अमोनियमला आयन म्हटल्याने कोणाचेही काही अडणार नाही. ‘मूलक’ हा शब्द अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या कणासाठीच ठेवावा, आणि जिथे तो पहिल्यांदा येईल तिथे गोम्बर्गच्या पिवळ्या द्रावणाची हकिकत निदान एका परिच्छेदात द्यावी, एवढी विनंती अभ्यास मंडळांवरच्या शिक्षकांना आहे.